शिंपीकाकांच्या हातची सुटका

थंडीच्या तोंडावर आमचे शेजारी शिंपीकाका दर रविवारी खाडीला जोडलेल्या तळ्यावर गळ टाकतात आणि हात हलवत परततात. गेल्या रविवारी काकूंनी बजावलं, "आज मासा आणला नाहीत, तर गळाची काठी कायमची माळ्यावर!"

मी मजा बघायला सोबत गेलो. दुपारी चांगला हातभर मासा लागला. काकांनी टाचणी काढावी तसा गळ अलगद काढला, पोट चाचपलं आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अहो, डोकं फिरलं का?"

"पोटात अंडी आहेत रे. समुद्राकडे निघालीय बिचारी."

घरी काकांनी थाप मारली नाही, खरं तेच सांगितलं. काकू कडाडल्या, "माझ्या बाळंतपणात नव्हती एवढी काळजी!"

मग काठी पुसून काकूंनीच ती दारामागे उभी केली.