बिनमोरचुदाची खळ

पुस्तकाचं वाटोळं वाळवीनं केलं, असं शाळेच्या दप्तरात नोंदलेलं आहे. खरं वाटोळं जोतीराम मास्तरांनी केलं, म्हणजे हे लिहिणाऱ्यानंच. वाळवी बिचारी पुढ्यात आलं ते जेवली.

साल चौतीस. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास होऊन मास्तर मोडनिंबहून सोलापूरला आले ते मोठ्या मुलांना कविता शिकवायच्या ऐटीत. मिळाली बिगरी, म्हणजे पहिलीच्याही खालचा वर्ग: गिरणी कामगारांची पन्नास पोरं आणि पन्नास शेंबडी नाकं.

दर शनिवारी सिद्धाप्पा बाइंडर त्या वर्गात यायचे. वकील मंडळी मासिकांचे अंक बांधायला टाकत आणि वरची रंगीत चित्रं फाडून फेक म्हणत. सिद्धाप्पा ती फेकत नसत. काचबिंदूनं उजवा डोळा गेला, डावा निघायच्या तयारीत होता. तेवढ्या अवधीत त्यांनी चाळीस चित्रं निवडली, जाड पुठ्ठ्यांवर चिकटवली आणि पोरांसाठी पुस्तक बांधलं.

"एवढी घाई कशाला?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"मला पन्नाशीत कळलं मास्तर, चित्र बघायचं कसं. आन् तवाच डोळं निघालं. ह्यांना तरी येळेवर कळू द्या की."

ते चित्रावर कोरा कागद ठेवत. कागदाला रुपयाएवढं भोक. भोक सरकवत विचारत, "ह्या भिंतीवर उजेड कुठनं आला?"

"दिव्यातनं!"

"मग दिवा कुटं हाय?"

पोरं शोधशोध शोधत. शेवटी एखादं ओरडे, "अज्जा, दिवा चित्राच्या भाईर हाय!" मास्तरांनाही ते तेव्हाच कळे, पण ते आधीपासून ठाऊक असल्यासारखी मान हलवत.

मे महिन्याच्या सुट्टीआधी सिद्धाप्पांनी बजावलं, "खळीत मोरचूद घातला की कीड लागत न्हाई. पर ह्यात म्या घातला न्हाई. इख हाय ते, आन् पोरं बोट चाटून पान उलटत्यात. तवा आठ दिसाला ऊन दावा, आन् पत्र्याच्या पेटीतच ठिवा."

"व्हय व्हय," मास्तर म्हणाले.

शाळेत पत्र्याची पेटी एकच, आणि गावी कपडे न्यायला ती फार सोयीची. पुस्तक भिंतीतल्या कपाटात गेलं. सुट्टीनंतर मास्तरांनी उघडलं, तर वाळवी लागलेली.

जूनमध्ये सिद्धाप्पा सुनेचा हात धरून आले. डावा डोळाही गेला होता. "मला आता पोरांच्याच डोळ्यांनी बघायचं," म्हणत बसले. मास्तरांनी घाबरून आधी धड राहिलेली पानं उघडली. पोरं सांगत गेली, म्हातारा हसत गेला. मग पान निसटून उलटलं.

"ह्यात काय दिसतं?"

पाच वर्षांची गंगम्मा म्हणाली, "बाई हाय. पर तिला तोंडच न्हाई. भोक हाय."

सिद्धाप्पांनी चाचपलं. बोट पानातून आरपार गेलं. ते त्यांनी तसंच ठेवलं, बराच वेळ.

"पेटीत व्हतं न्हवं?"

"पेटी मी गावाला नेली होती."

"आंबं तरी आनलं का?"

सिद्धाप्पांनी बोट काढून पुढची पानं चाचपली.

"किती पानं गेली?"

"अकरा."

"चित्रं आना. खळ लावाया डोळं लागत न्हाईत."

मास्तरांनी वाचनालयात हातापाया पडून दहा चित्रं मिळवली; बाईचं तेवढं मिळालं नाही. सिद्धाप्पांनी ती कडेला अंगठा लावून सरळ चिकटवली. तिरकं एकही गेलं नाही. मात्र काय चिकटवलं ते एकदाही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "त्या बाईचं कदी आनताय?"

"आणतो की."

संक्रांतीच्या आधी सिद्धाप्पा गेले. मास्तरांनी पुढं बार्शीत शोधलं, पुण्याच्या जुन्या बाजारात शोधलं. ते चित्र अजून द्यायचं राहिलं आहे.