धाकटीला पाठवलेली पत्रकं

ताईंच्या एजन्सीत मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली होती. दोन टेबलं, एक टाइपरायटर, खिडकीत फोन आणि भिंतीला लागून वर्तमानपत्रांची चळत. ताई पस्तिशीच्या होत्या. त्याआधी दहा वर्षं त्या एका रंगाच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या.

तिथे एकदा गोदामाला आग लागली. साहेब लोक मीटिंगच्या नावाखाली दार लावून बसले, आणि वार्ताहरांचे फोन ताईंच्या बोर्डावर खणखणत राहिले. शेवटी ताई उठल्या, गोदामापर्यंत चालत गेल्या, जे दिसलं ते पाहून आल्या आणि पुढच्या फोनवर सांगून टाकलं. आग किती वाजता लागली, किती वाजता विझली, काय जळलं, किती माणसं आत होती, ती बाहेर कशी आली. दुसऱ्या दिवशी तेच जसंच्या तसं छापून आलं. साहेबांनी आधी त्यांना झापलं, मग अंक वाचला आणि म्हणाले, "यापुढे पेपरवाल्यांशी तुम्हीच बोलत जा." तिथून ताई या धंद्यात आल्या.

पण लिहायला त्यांना शिकवलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीनं. आईवडील लवकर गेलेले. दोघीच एका घरात राहायच्या, आणि धाकटी एका दैनिकात वार्ताहर होती. ती माझ्याच वयाची, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून अगंतुगं. संध्याकाळी पेपरच्या ऑफिसला जाताना ती वर डोकावायची आणि टेबलावरचं प्रसिद्धीपत्रक उचलून उभ्याउभ्याच वाचायला लागायची.

"ताई, पहिल्या परिच्छेदात चेअरमनचं कौतुक, दुसऱ्यात त्यांच्या वडिलांचं. बातमी कुठंय?"

"खाली आहे."

"खाली कोण जातंय? आमचा उपसंपादक तिसऱ्या ओळीला जांभई देतो." मग ती माझ्याकडे वळायची. "तू तरी सांगत जा गं हिला. की तूही चेअरमनच्या घरची?"

ताई हसायच्या, कागद ओढून घ्यायच्या आणि ती म्हणेल तसं खरडून पुन्हा माझ्यासमोर ठेवायच्या. मला एकेक पत्रक चारचारदा टाइप करावं लागे. बोटं दुखायची, पण त्या दोघींची ती जुगलबंदी ऐकायला मजा यायची. धाकटीनं ताईंच्या पत्रकाला स्वतःच्या पेपरात कधी झुकतं माप दिलं नाही. उलट आमच्याच बातम्या तिच्याकडे जास्त कापल्या जायच्या.

एजन्सी वाढली. चष्म्याच्या दुकानावरून आम्ही तीन खोल्यांच्या जागेत आलो, अकरा माणसं झाली. शाळा, दवाखाने, दुधाची डेअरी, एक बिल्डर असे क्लायंट होते. सगळ्यात मोठा क्लायंट गावाबाहेरचा रसायनांचा कारखाना होता. त्याचे मालक स्वतः फोन करायचे, आणि त्यांचा फोन आला की ताई उभ्या राहून बोलायच्या. ही सवय त्यांची त्यांनाही कळत नसे.

एका सकाळी त्या कारखान्यात वायुगळती झाली. दुपारी मालकांचा फोन आला. गळती किरकोळ होती, अर्ध्या तासात थांबवली, कोणालाही इजा नाही, असं पत्रक चार वाजेपर्यंत सगळीकडे गेलं पाहिजे. ताईंनी लिहिलं, मी टाइप केलं, माणसं सायकलींवरून पेपरांच्या कचेऱ्यांत पोचवून आली. साडेपाचला धाकटीचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता. ताईंचं बोलणं तेवढं ऐकू आलं. "हो, मालकांनी स्वतः सांगितलं." मग थोडं थांबून, "अगं हो." मग आणखी थोडं थांबून त्या म्हणाल्या, "हो, जाऊन आले. पाहिलंय मी."

त्या गेल्या नव्हत्या. सकाळपासून ऑफिसातून बाहेर पडल्याच नव्हत्या. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी जाऊनच येऊ आपण."

ते जाणं राहूनच गेलं. दुसऱ्या पेपरांनी "गळतीबाबत चौकशी सुरू" एवढंच सावधपणे छापलं. धाकटीच्या पेपरानं मात्र तिच्या शब्दावर "कोणालाही इजा नाही" हा मथळा दिला. तिसऱ्या दिवशी उघडकीला आलं की चौदा कामगारांना कारखान्याच्या गाडीतून शेजारच्या गावातल्या खाजगी दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं. त्यातल्या एकाची फुप्फुसं कायमची निकामी झाली. त्याला पुढे एक मजला चढणंही जमलं नाही. पेपरला पहिल्या पानावर माफी मागावी लागली, आणि धाकटीला वार्तांकनातून काढून इतरांच्या बातम्या तपासायला डेस्कवर बसवलं.

ती त्या दिवशी ऑफिसात आली होती. आरडाओरडा काही केला नाही. ताईंच्या समोर बसली आणि म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, हे मला पटतं. ते तुझ्याशी खोटं बोलले. पण पाहिलंय असं तू मला म्हणालीस, ताई."

धाकटीनं महिन्याभरात पेपरच्या दुसऱ्या शहरातल्या आवृत्तीत बदली मागून घेतली आणि सामान घेऊन गेली.

प्रकरण उघडकीला आलं त्याच आठवड्यात ताई आणि मी त्या दवाखान्यात गेलो होतो. चौदाही खाटांपाशी ताई बसल्या, ज्याला बोलता येत होतं त्याच्याशी बोलल्या. परत येऊन त्यांनी स्वतःच्या सहीनं पत्रक काढलं. आमच्या एजन्सीनं दिलेली माहिती चुकीची होती, न तपासता दिली होती, त्यात वार्ताहराचा दोष नाही. मी टाइप करताना विचारलं, "ताई, हे पाठवायचं?" त्या म्हणाल्या, "तू टाइप कर. पाठवते मी."

मालकांनी काम काढून घेतलं, आणि त्यांच्या ओळखीतल्या इतरांनीही. अकराचे आम्ही चौघं उरलो. जी एजन्सी आपली चूक अशी चव्हाट्यावर मांडते तिला कोण काम देणार, असं लोक उघड बोलायचे. पण पत्रक निघाल्यावरही धाकटीला तिचं काम परत मिळालं नाही, आणि ताईंना लागलं ते एवढंच.

पुढे ताईंनी एक शिस्त घालून घेतली. लिहिणाऱ्यानं आधी जाऊन पाहायचं. डेअरीचं पत्रक असेल तर पहाटे डेअरीत, शाळेचं असेल तर वर्गात. क्लायंट वैतागायचे. एक हॉटेलवाला म्हणाला, "तुम्ही प्रसिद्धी करता की तपासणी?" आणि गेला. पण हळूहळू वार्ताहरांना कळलं की या एजन्सीच्या कागदात थाप नसते, आणि मग क्लायंटही परत आले. सहासात वर्षांत आम्ही पुन्हा नऊ माणसं झालो. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. मी टायपिस्टची व्यवस्थापक झाले.

या सगळ्या काळात प्रत्येक पत्रकाची एक प्रत त्या दुसऱ्या शहरातल्या आवृत्तीला जायची. आमच्या गावातल्या डेअरीशी किंवा शाळेशी तिथल्या वाचकांना काय देणंघेणं? पण ताई त्या एका पाकिटावरचा पत्ता स्वतःच्या हातानं लिहायच्या. पुढे ईमेल आलं, तेव्हाही ते एक त्याच पाठवायच्या. उत्तर यायचं ते एका शब्दाचं. "मिळालं." वाढदिवसाला फोनवर दोनतीन मिनिटं. तब्येत, हवा, ठेवते. फोन झाला की ताई थोडा वेळ काम सोडून खिडकीतून रस्ता बघत बसायच्या. आम्ही कोणी आत जात नसू.

एकदा मी म्हटलं, "ताई, जाऊन या ना एकदा. बसनं चार तासांचा तर रस्ता."

"जाऊन काय सांगू?" त्या म्हणाल्या. "आणि तिनं दार उघडून फक्त 'ये' म्हटलं, तर मी काय करू?"

मग ताईंच्या डोळ्याचा पडदा निसटला. तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आठ दिवस पालथं झोपायचं, मान खाली, वाचायचं नाही. घरी दुसरं कोणी नव्हतं. मी ताईंना न विचारता धाकटीला फोन केला. तिनं फक्त घरी कधी सोडणार ते विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती बॅग घेऊन घरी हजर झाली. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, पण जिना चढायची ढब तीच.

आठ दिवस ती राहिली. ताई पालथ्या, तोंड मधे भोक असलेल्या खास उशीत, त्यामुळे एकमेकींकडे बघायचा प्रश्नच नव्हता. मला वाटतं, ते दोघींनाही बरं पडलं. सकाळी धाकटी खाटेशेजारी खुर्ची ओढून चारही पेपर मोठ्यानं वाचायची.

"हे ऐक. 'मान्यवरांच्या उपस्थितीत कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' कोण मान्यवर, कसला कार्यक्रम, काही पत्ता नाही."

"खाली असेल," उशीतून आवाज आला.

धाकटी वाचायची थांबली. मग हसली. खालून ताईही हसल्या, तशी ती म्हणाली, "हलू नकोस, डॉक्टर मला ओरडतील."

शेवटच्या दिवशी ताईंना उठून बसायची परवानगी मिळाली. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा त्या म्हणत होत्या, "त्या दिवशी फोनवर मी तुला..."

"ते राहू दे," धाकटी बॅगेची चेन लावत म्हणाली. "ते बोलायला मी आले नव्हते. डोळ्यात थेंब वेळेवर घाल."

ती गेली. रागानं गेली नाही, पण थांबलीही नाही. ताईंनी दुपारभर तिच्या खुर्चीची जागा बदलू दिली नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, "आठ दिवस होती गं."

आता एजन्सी मी बघते. ताई मोठी अक्षरं करून पत्रकं तपासतात, आणि अजूनही एक प्रत त्या दुसऱ्या शहरातल्या आवृत्तीला पाठवतात, जरी धाकटी तिथून निवृत्त झाली आहे. मी ते त्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाल्या, "तिच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवू म्हणतेस?" मी हो म्हटलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "तिनं दिला तर पाठवू." अजून त्यांनी मागितलेला नाही. रविवारी धाकटीचा फोन येतो, दहा मिनिटं, कधी पंधरा. फोन अकराच्या सुमाराला येतो. ताई नऊ वाजताच आंघोळ उरकून फोनजवळ बसतात, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचा फोन आला तर पटकन म्हणतात, "नंतर करा हं, मला एक फोन यायचाय."