देवासमोर दिलेला होकार

आमच्या घरात आधी पत्रक यायचं, मग वर्तमानपत्र. वडिलांचा कोल्हापुरात मंगळवार पेठेत छापखाना, त्यामुळे माझी अक्षरओळख ‘बंधू-भगिनींनो’पासूनच झाली. आई घाटाखालच्या एका लहानशा बंदराची. त्या गावाबद्दल वडील म्हणायचे, "तुझ्या आजोळात न्हाय म्हणायला कुणाला येतच न्हाय. बघूया म्हणत्यात की. त्येचाच अर्थ ‘न्हाय’." आई तिथल्या तिथे उत्तर द्यायची, "आणि तुमच्याकडे होय म्हटलं तरी भांडण लागल्यासारखं वाटतं."

गेल्या वर्षी त्या बंदरात जहाजांसाठी मोठा धक्का बांधायचं ठरलं. जिथून मामाची रापण ओढतात, नेमकी तीच वाळू त्यात जाणार होती. रापण म्हणजे सगळ्या वाडीने किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं लांबलचक जाळं. वाळू गेली की जाळं गेलं. पुढे वाडीने काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. जनसुनावणीत कुणी हरकत घेतली नाही तर काम सुरू होणार, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. मी पत्रक लिहिलं, वडिलांनी छापलं आणि गठ्ठा घेऊन मी एसटीत बसले. आजऱ्याला शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "पोरी, इलेक्शन हाय व्हय?"

बंदर नेहमीसारखंच होतं. दुपारची दुकानं बंद, जुन्या छोट्या धक्क्यावर कुत्री निजलेली. फक्त वाळूत नव्या धक्क्याच्या हद्दीच्या लाल झेंड्या रोवल्या होत्या. त्यांच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बायका सुकवायची मासळी झेंड्यांना वळसा घालून पसरत होत्या. माझं पत्रक प्रत्येकाने घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि मला चहाचं विचारलं.

मामा म्हणाला, "उद्या सुनावणीत मी उठतंय गो. तुझा पत्रक वाचूक चष्मो लागता, माका बोलूक लागणा नाय."

सुनावणीला शाळेचं पटांगण भरलं होतं. मंडप, थंड पाणी, खुर्च्या, सगळं कंपनीचं. सुनावणी घ्यायला आलेले सरकारी साहेब बोलायच्या आधी कंपनीच्या माणसाने गावच्या वयस्क मानकऱ्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं आणि गाऱ्हाणं घालायची विनंती केली. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं; तिथे कोणतंही काम त्याशिवाय सुरू होत नाही. कुणीतरी कंपनीला गाव फार नीट समजावून दिलं होतं.

मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज हय जा काय काम योजलेला असा, ता तुझ्या कृपेन सिद्धीक जावंदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," पटांगण म्हणालं.

"ह्या कामाच्या आड जो कोण येयत, तेची बुद्धी फिरव आणि तेका वाटेर आण रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

पिढ्यान् पिढ्या हेच शब्द आहेत, लग्नाला आणि नव्या होडीलाही हेच. मामाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. समोर कॅमेरा चालू होता.

मग साहेबांनी धक्क्याची माहिती वाचली आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

कुणी हललं नाही. मी मामाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"मामा, ऊठ ना."

"आताच देवासमोर होय म्हटला. लगेच उठान नाय कसा म्हणूचा?"

"ते गाऱ्हाणं होतं. ही सुनावणी आहे."

"देव दोन असत काय गो?"

मी उभी राहिले. अर्धं वाक्य झालं असेल, मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बाय, तू घाटावरची. बस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. साहेबांनी मला नाव-गाव विचारलं, मी कोल्हापूर म्हटलं, आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत गावातल्या प्रत्येक फोनवर आली होती. हात जोडलेली माणसं, एका सुरात होय म्हणणारी. खाली लिहिलं होतं, ग्रामस्थांची एकमताने संमती. ते पाहून कुणी चिडलं नाही. मामी तर म्हणाली, मामा छान दिसतोय.

सकाळी मी किनाऱ्यावर गेले तेव्हा मोजणीची माणसं आली होती. एकाने फितीचं टोक मामापुढे धरून म्हटलं, "काका, जरा धरता?"

मामाने ते धरलं. तो माणूस फीत उलगडत दूरपर्यंत चालत गेला, आणि मामा ती कुठे ढिली पडू नये म्हणून नीट ताणून उभा राहिला.