पहिल्या ओळीतला श्री

पुण्याहून आलेला, मशीनने छापलेल्या कागदांचा गठ्ठा मी टेबलावर उघडला. सगळ्यांचे प्रोग्रॅम नापास झाले होते आणि सगळ्यांची चूक एकच होती. मशीन पहिल्याच ओळीला अडलं होतं. त्या ओळीत रोमन अक्षरांत छापलेलं होतं : श्री.

सत्तरच्या दशकात आमच्या कॉम्प्युटर सेंटरने लोणावळ्याच्या एका बंगल्यात हौशी लोकांसाठी प्रोग्रॅमिंगचं छोटं वर्कशॉप भरवलं होतं. आलेल्यांनी फोर्ट्रान ही मशीनची भाषा पुस्तकं वाचून स्वतःच शिकून घेतली होती. कॉम्प्युटर कोणी पाहिला नव्हता. तो इथेही नव्हता. तो पुण्यात होता. लोणावळ्यात हवा, जेवण आणि उद्घाटन होतं. प्रोग्रॅम चौकटींच्या कागदावर, म्हणजे कोडिंग शीटवर लिहायचा. शीट गाडीने पुण्याला जायची. तिथे पंच ऑपरेटर प्रत्येक ओळीसाठी भोकं पाडून एक कार्ड तयार करायची आणि ती कार्डं मशीनला भरवली जायची. उद्घाटनाची भाषणं लांबल्याने प्रत्येकाच्या वाट्याला दोनच रन, म्हणजे प्रोग्रॅम मशीनवर चालवून बघायच्या दोनच खेपा, उरले होते. त्यातला एक संपला.

कोऱ्या कागदावर आधी श्री लिहायची सगळ्यांना सवय होती. शीटवर सगळं रोमनमध्येच लिहा, असं आम्ही बजावलं होतं. त्यांनी श्रीसुद्धा रोमनमध्ये लिहिला. शीटवर दिसेल ते पंच करायचं, असा ऑपरेटरला हुकूम होता. तिने केलं.

सर्वांत जास्त घाबरला तो नामदेव. भाजे गावचा, तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला क्लार्क. कारखान्यात कॉम्प्युटर सेक्शन निघणार होता. चाललेला प्रोग्रॅम आणून दाखव, तिकडे घेतो; नाहीतर स्टोअरमध्येच राहा, असं साहेबाने त्याला सांगितलं होतं.

मी म्हणालो, श्री काढा, शीट परत पाठवू. खोडरबर कोणीच उचललं नाही.

वडगावच्या शाळेत गणित शिकवणारे गुरुजी वर्गाच्या वतीने उभे राहिले. "मग सुरुवात कशाने करायची? एकदम बेरजेने?"

"हो."

"बरं दिसत नाही ते."

नामदेवची अडचण वेगळी होती. "सर, श्री काढला आन तरीबी चुकलं, तर? ह्यो शेवटचा रन हाय."

तेवढ्यात आमचे डायरेक्टर आले. समारोपाच्या पाहुण्यांना दाखवायला त्यांना एक तरी चाललेला प्रोग्रॅम हवा होता. मशीनने श्री चालवून घ्यावा यासाठी पुण्याला फोन करू का, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. फोन कोणाला, ते सांगितलं नाही.

सोय फोर्ट्रानमध्येच होती. ओळीच्या पहिल्या चौकटीत 'सी' लिहिला की ती ओळ नुसता शेरा ठरते. मशीन ती छापतं, पण तिच्यावरून काही करत नाही. मी फळ्यावर दाखवलं.

गुरुजींनी विचार केला. "म्हणजे वरून येणाऱ्या परिपत्रकासारखं. भिंतीला लावायचं आणि आपलं काम करायचं."

"तसंच."

"मग चालेल."

नामदेवने तरी विचारलं, "छापंल न्हवं पर?"

"छापेल."

"मग लय झालं."

दुसऱ्या गठ्ठ्यात निम्मे प्रोग्रॅम पुन्हा नापास निघाले, या वेळी ज्याच्या त्याच्या चुकीने. गुरुजींचा स्वल्पविराम राहिला होता. नामदेवचा प्रोग्रॅम चालला. वर श्री, खाली स्टोअरमधल्या खिळ्यांची आणि वंगणाची बरोबर शिल्लक. पाहुण्यांनी तो कागद उंच धरून, कॉम्प्युटरसुद्धा आपली संस्कृती मानतो, असं भाषण केलं. संस्कृतीच्या आधी 'सी' आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

पुढचं नामदेवने मला नंतर सांगितलं. साहेबाने आकडे वाचले नाहीत. मशीनमधून कागद सरकावा म्हणून त्याच्या दोन्ही कडांना ओळीने असतात ती भोकं निरखली, ती हाताने पाडलेली नाहीत याची खात्री करून घेतली आणि त्याला सेक्शनमध्ये घेतलं.

मशीन एका ओळीसाठी सगळा कागद परत करतं. साहेब एकही ओळ न वाचता पास करतो. नोकरीसाठी दोघांकडे पास व्हावं लागतं. वर्कशॉपमध्ये आम्ही त्यातलं एकच शिकवत होतो.