हालगे सरांचा युरोप

"पोर्तुगाल, खिडकी लाव. आणि त्या हॉलंडला उठव, घोरायला लागलाय."

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हालगे सरांचा तास असा सुरू व्हायचा. प्रा. मन्मथ हालगे आम्हाला युरोपचा आर्थिक इतिहास आणि तुलनात्मक आर्थिक पद्धती असे दोन पेपर शिकवायचे. वर्ग सुरू झाला की पंधरवड्यात ते प्रत्येक पोराला एकेक देश देऊन टाकत आणि वर्षभर त्याच नावानं हाक मारत. मोंढ्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा हॉलंड. शेख रफिक रशिया, कारण त्यानं अभ्यासाचं भलंमोठं वेळापत्रक खोलीच्या भिंतीवर चिकटवलं होतं आणि त्यातलं काहीही पाळलं नव्हतं. मी पोर्तुगाल. "सर, मी पोर्तुगाल का?" असं विचारलं, तर म्हणाले, "कावून म्हंजे? तू स्पेनच्या शेजारी बसतोस न्हाई का?"

सर उंच, किडकिडीत. कपाळाला भस्म आणि चेहरा इतका गंभीर की नवख्याला वाटावं, हे गृहस्थ आता पोथी उघडणार. शिकवताना भाषा पुस्तकी. पण अंगात खोडी शिरली की गाडी घसरून थेट गेवराईकडच्या त्यांच्या गावच्या बोलीवर यायची. ती बोली कानावर पडली की वर्ग सावरून बसायचा. आज कुणाची तरी पाळी आहे, हे कळायचं.

त्या वर्षी जगात उलथापालथ चालली होती. डिसेंबर सरता सरता एका सकाळी सर वर्गात आले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुःखद निधन'. आम्ही घाबरलो. सर म्हणाले, "आपल्या अभ्यासक्रमातला एक देश वारला. सोव्हिएत रशिया."

रफिक उभा राहिला. "मंग सर, मी आता कोण?"

"तू आता पंधरा देश झालास, बाबा. उद्यापासून हजेरीला पंधरा वेळा ओ दे."

मागून कुणीतरी विचारलं, "मंग पेपरात रशिया येणार न्हाई ना?"

"येणार! विद्यापीठात बातमी उशिरा पोचती. आन उत्तरात 'आहे'च लिहा. 'होता' लिहिलं तर मार्क जातील." एप्रिलमध्ये प्रश्न आला. आम्ही सगळ्यांनी इमानेइतबारे 'आहे' लिहिलं.

तर, स्पेन. माझ्या शेजारी बसणारा स्पेन म्हणजे उत्तम, आमच्या संस्थेचे संचालक दाजीसाहेब यांचा मुलगा. दाजीसाहेबांची स्कूटरची एजन्सी होती. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत आणि नंबर पुढं सरकावा म्हणून दाजीसाहेबांच्या घरी पेढे नेत. त्या पेढ्यांवर वाढलेला उत्तम मनानं चांगला, पण हाताला कशाची सवय नाही. सर कौतुकानं म्हणत, "आमचा स्पेन. अमेरिकेतनं सोनंचांदी येतीया, स्पेन झोपलाय."

हे वाक्य फिरत फिरत दाजीसाहेबांच्या कानावर गेलं. एका दुपारी, भर तासाला, ते वर्गाच्या दारात उभे राहिले. पांढरं धोतर, करकरणाऱ्या चपला.

"मास्तर, माझ्या पोराला तुमी काय म्हणता म्हणं?"

"स्पेन."

"ह्यो देश हाय का शिवी?"

"देशच हाय. शिवी नंतर झाली."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि दाजीसाहेबांनी वळून पाहताच बाकाखाली गेलं. उत्तमची मान खाली. सर शांतपणे म्हणाले, "बसा की. आज तोच धडा हाय." धडा खरं तर वाफेच्या इंजिनाचा होता. दाजीसाहेब माझ्या बाकावर, मला भिंतीकडं दाबून बसले.

सरांनी सांगायला सुरुवात केली. कित्येक पिढ्या गलबतं भरभरून सोनंचांदी आली. मग कापड विणायचं कशाला? दुसऱ्याकडून घ्यावं. अवजारं करायची कशाला? तीही विकत घ्यावीत. घरचे माग बंद पडले, महागाई वाढली, उरलेलं लढायांत गेलं. "राजाला वाटलं, गलबतं येतच ऱ्हाणार."

"मंग?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"मंग गलबतं कमी झाली. आन घरात कुणाच्याच हाताला काम येत नव्हतं."

दाजीसाहेबांची नजर उत्तमच्या हातांवर गेली. सरकारनं बाजार मोकळा करायला घेतला होता. लातूरला दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या नंबर न लावता मिळत होत्या. दाजीसाहेबांच्या दारातली रांग गेली होती, पेढेही थांबले होते. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

"राजानं काय कराया पायजे होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोराचे हात काळे होऊ द्यायला पायजे होते."

दाजीसाहेब उठले आणि निघून गेले. त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. रफिकच्या वडिलांच्या गॅरेजात उत्तम ग्रीसनं माखलेला दिसला, आणि हालगे सरांच्या हातात धारूरच्या शाखेत बदली झाल्याचा हुकूम पडला. प्राचार्य रदबदलीला गेले, तेव्हा दाजीसाहेब म्हणाले, "मास्तर खरं बोलला, त्याची शाबासकी मनातल्या मनात दिली. पोराम्होरं बोलला, त्याची बदली कागदावर दिली."

काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, दम्याचा त्रास. औषधपाणी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात. त्यामुळं बिऱ्हाड हलवणं शक्य नव्हतं. सर रोज एस.टी.नं धारूरला जाऊ-येऊ लागले. निरोपाच्या दिवशी बोलता बोलता ते मध्येच थांबले, चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तिथं किल्ला हाय. सरंजामशाही शिकवायला साहित्य तयार." आम्ही हसलो, पण ते हसणं काही जमलं नाही.

वर्षं गेली. एजन्सी बंद पडली, पण घर पडलं नाही. उत्तमनं सगळ्या कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करायचं स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं. मी एम.ए. होऊन आमच्याच कॉलेजात तासिकांवर शिकवत होतो. एक दिवस दाजीसाहेबांनी मला जीपमध्ये बसवलं. "तुझ्या गुरूकडं चल. मी एकला गेलो तर बोलू द्यायचा न्हाई."

धारूरच्या स्टाफरूममध्ये सर डबा खात होते. दाजीसाहेब उभ्या उभ्याच म्हणाले, "मास्तर, चुकलं माझं. चला परत."

"आता कशाला? हितली पोरं झोपत न्हाईत. पंखाच न्हाई." सरांनी डबा पुढं केला. "बसा, भाकर खावा. उत्तम सावरला, लई बरं वाटलं. आन पोरगी काय करती?"

"सुरेखा? बारावी झाली. घरीच हाय. स्थळं बघतोय."

"मार्क?"

"पोरापरीस लई चांगले."

सरांनी घास खाली ठेवला. "मंग माझा तेवढा तास वायाच गेला म्हणायचा."

दाजीसाहेब त्यांच्याकडं बघत राहिले आणि मग असे हसले, की शिपाई डोकावून गेला. "मास्तर, तुमची आनखी एक बदली करावी वाटती! पर धारूरच्या म्होरं आपलं कॉलेजच न्हाई."

"बदलीचं मागनं बघा. आधी पोरीचा प्रवेश."

जूनमध्ये संचालकांची मुलगी सरांच्याच हाताखाली शिकायला धारूरच्या एस.टी.त बसली, हालगे सरांच्या शेजारच्या सीटवर. गाव महिनाभर बोललं, मग थकलं. सुरेखा बी.ए. झाली, एम.ए.ला विद्यापीठात वरच्या नंबरात आली आणि पुढं आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापिका म्हणून रुजू झाली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली, ती त्यांच्या जुन्या वर्गातच. हार घातलेला फोटो, उदबत्ती, दाटीवाटीनं बसलेले जुने विद्यार्थी. प्राचार्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. म्हातारे दाजीसाहेब काठी टेकत पुढं झाले.

"दोन मिन्टं गप? ह्यो माणूस उभ्या जन्मात दोन मिन्टं गप बसला न्हाई. सुरेखा, ऊठ. तास घे."

सुरेखानं डोळे पुसले, फळ्यापाशी गेली आणि खडू उचलला. दाजीसाहेब पहिल्या बाकावर बसले. मागं प्राचार्य कुणाशी तरी कुजबुजत होते. दाजीसाहेबांनी वळून त्यांच्यावर काठी उगारली.

"गप बसा, सायेब. तास चालू हाय."