भंगारवाला यायच्या आधी

शेजारच्या काकू घाटंजीच्या बाजारात टोक मोडून पाहिल्याशिवाय भेंडी घेत नाहीत आणि चाखल्याशिवाय बोरं. त्यांचा जुना कॉम्प्युटर इतका रखडायला लागला, की मुलानं तो भंगारात द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, त्यात विंडोजऐवजी एखादं हलकं लिनक्स टाकून बघू. बऱ्याच प्रकारची फुकट मिळतात, इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून नुसती चालवूनही पाहता येतात. काकू ओरडल्याच, "म्हंजे चाखून पाहाले देते! मंग सारेच आण ना भाऊ!"

काकू गॅसवर चहा ठेवायच्या आणि मी पेनड्राइव्ह लावायचो. उकळी येईपर्यंत पडदा उजळला नाही, की निकाल लागे, "जड हाय, काढ." मला फार आवडलेलं एक देखणं लिनक्सही त्यांनी असंच काढायला लावलं. मग एक असं लागलं, की चहात साखर विरघळायच्या आत सुरू! काकूंनी टाळी वाजवली आणि मला न विचारता 'इन्स्टॉल' दाबलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. काकूंनी त्याला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर उभं केलं.

"पाह्य, कसा पळून राह्यला! असा कोनाचा आला तं तोडू नको बाप्पा, माह्याकडे आण."