झुरळं आमची, नाव काकूंचं

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. दादाने तशी शपथच घातली आहे. पण ज्या घरात झुरळं पाळतात, तिथे किस्से इतके साठतात, की एखादा निसटतोच.

हो, पाळलेली झुरळं! मादागास्करची. बोटाएवढी लांब, बिनपंखांची, हात लावला की ‘फुस्स’ करणारी. कॉलेजात जाणारा माझा भाऊ ती आमच्या बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये, एका प्लॅस्टिकच्या टबात वाढवतो. मैत्रिणींना मी ‘फिश टँक आहे’ असं सांगते आणि कुणालाच घरी बोलवत नाही.

आईने पहिल्यांदा टब पाहिला, तेव्हा वाटलं, वाट लागली. तिने लांबूनच विचारलं, “खातात काय ही?”

“गाजर, काकडी, केळ्याची सालं.”

“मग तुझ्यापेक्षा बरी! भाजी खातात तरी!”

टबाच्या वरच्या कडेला आतून व्हॅसलिन फासावं लागतं, म्हणजे ती घसरतात. थंडीत आईने ते टाचांना लावलं. दादा केवढ्याने ओरडला, “आई, तू खोबरेल लाव ना! व्हॅसलिन त्यांचं आहे!”

सोसायटीत पेस्ट कंट्रोल असलं की टब रिक्षाने कांदिवलीला, मावशीकडे. एकदा खड्डा आला आणि माझ्या मांडीवरच्या टबात सगळी एकदम फुस्स! रिक्षावाला रिक्षा थांबवून उतरला. “टायर बैठ गया क्या?” मी मान खाली घातली. आणि दादा? तोही उतरला आणि त्याच्याबरोबर तिन्ही टायर दाबून बघू लागला!

इथपर्यंत मला हसू येतं.

शेजारच्या सुर्वेकाकू मालवणच्या. घरी स्वयंपाक करून डबे देतात. गेल्या महिन्यात डबा न्यायला बिल्डिंगमधलाच एक मुलगा आला, तर झाकणावर हे एवढं झुरळ! त्याने फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून काकूंचे निम्मे डबे बंद.

टबाचं झाकण मी उघडं ठेवलं होतं.

काकूंनी ओटा तीनदा घासला. तिसऱ्यांदा मीही घासू लागले. “गुणाची पोर गो!” म्हणून त्यांनी मला घावणे वाढले. मी दोन खाल्ले. तिसराही घेतला.

परवा काकूंनी मला हळूच आत बोलावलं. लोणच्याच्या बरणीत, फडकं बांधून, तेच झुरळ! “मारूक जीव होईना गो. बोट लावलं की रुसता कसो बघ! आमचे हेही तसेच, बोलणा नाय, नुसते सुस्कारे.” म्हणून त्याचं नावच त्यांनी ‘काका’ ठेवलंय. रोज काकडीची चकती देतात.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काकडी चिरून दिली.

पण आज सांगणार. ग्रुपवरही लिहिणार, दादा चिडला तरी चालेल. वाक्य तयार आहे: काकू, ते झुरळ आमचं आहे, आणि त्या दिवशी झाकण मी—

“मुक्ताऽऽ! धावत ये गो! तुझ्या काकांका पिल्लां झाली!”